पाठकोरा कागद

महाराष्ट्र राज्य झाल्यापासून विद्यापीठाच्या बहिःशाल व्याख्यानांसाठी अमडापूरला येतोय. यंदा तिसरं वर्ष. लोक मला सरकारी साहेब समजतात आणि अर्ज देतात. पहिल्या वर्षी मी समजावून सांगितलं. गेल्या वर्षी कंटाळून गावातल्या भिमाबाईचा अर्ज मुकाट्यानं पिशवीत टाकला. आज शाळेच्या पटांगणात 'नागरिकांचे हक्क' वाचून दाखवत होतो. एसटीनं हाडं खिळखिळी झालेली, आवाज बसलेला. तेवढ्यात पुढ्यात बसलेली भिमाबाई माझ्या हातातल्या कागदाकडं बोट दाखवून शेजारणीला म्हणाली, "तो निळा आंगठा माहा हाय! साहेब माहाच अर्ज वाचून राह्यले." बायका सरसावून बसल्या. टिपणं मी पाठकोऱ्या कागदांवर काढतो. दुसऱ्या बाजूला काय आहे, ते पाहत नाही. भिमाबाई उठली. "पन साहेब, इहिरीचं काऊन नाई आलं अजून?" "येतंय," म्हणालो, कागद उलटला आणि तिचा अर्ज पहिल्यांदाच वाचू लागलो.