चार बोटं

शरणबसप्पानं सीटखालच्या नटाला पान्हा लावला आणि विचारलं, "किती खाली घ्यायची, मामा?"

"दोन बोटं," मच्छिंद्र म्हणाले.

"चार," मागून त्यांच्या बायको मथुराबाई म्हणाल्या.

सायकलचं दुकान चौकाच्या तोंडाशीच होतं. समोर सिग्नलला गाड्या थांबत होत्या, सुटत होत्या. परवा इथंच मच्छिंद्र पडले होते. पाय जमिनीला पुरत नाही म्हणून त्यांनी शेजारच्या रिक्षाची दांडी धरली होती. दिवा हिरवा झाला, रिक्षा निघाली आणि दांडी सोडायचं भान त्यांना राहिलं नाही. कोपराला अजून पट्टी होती. दोन महिन्यांतली ही तिसरी खेप. आणखी एकदा पडलात तर सायकल भंगारात देईन, असं मुलानं, अमृतनं, पुण्याहून फोनवर सांगून टाकलं होतं. पोरगा बोलेल तसं करणारा होता.

छत्तीस वर्षं मच्छिंद्रांनी गावात टपाल वाटलं, पण सीटवरून उतरून कुणाला पत्र दिलं नाही. तेव्हा प्रत्येक दाराला ओटा असायचा. ओट्यावर डावा पाय टेकायचा, पत्र द्यायचं, म्हातारं माणूस असलं तर तिथंच वाचूनही दाखवायचं, आणि ओट्यालाच रेटा देऊन पुढं निघायचं. सीट त्या ओट्यांच्या मापानं बांधलेली. पुढं रस्ते रुंद झाले, ओटे गेले. सीट तेवढी राहिली.

"चार बोटं खाली घेतली तर गाढवावर बसल्यागत दिसंल," मच्छिंद्र म्हणाले.

"गाढवावरनं पडून कुणी हात मोडून घेतलाय का मामा? उंटावरनं पडत्यात लोक."

मथुराबाई हसल्या. मच्छिंद्र हसले नाहीत.

सीटची दांडी गंजून धरून बसली होती. शरणबसप्पानं तेल सोडलं, थोडा वेळ जाऊ दिला, मग सीटला दोन्ही हातांनी पीळ दिला. दांडी करकरली. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच जागची हलत होती. मच्छिंद्रांनी तोंड दुसरीकडं केलं.

"एक सांगतो मामी," शरणबसप्पा हात पुसत म्हणाला, "चार बोटं घेतली की पाय टेकतील, त्याची गॅरंटी माझी. पण पायडल मारताना गुडघा पुरता सरळ व्हायचा न्हाय. जोर लागंल. दोन बोटं घेतली तर चालवायला बरी, पण टेकायला निस्ता चवडा."

"म्हंजी थांबण्यासाठी चालवायची का आता सायकल?" मच्छिंद्रांनी विचारलं.

"मामा, ह्या रस्त्यावर आता चालणं कमी आन थांबणंच लई झालंय."

मच्छिंद्रांनी बायकोकडं पाहिलं. मथुराबाईंना त्यांचे थोरले दीर आठवत होते. पोरांनी त्यांची सायकल काढून घेतली आणि ते दारातल्या खाटेवर बसायला लागले. पेरणीला बसले ते सुगीला नव्हते. सायकल घरात राहायची तर ह्यांनी पडून चालणार नव्हतं.

"चार घ्या," त्या म्हणाल्या.

"तू बसणारैस का तिच्यावर?"

"म्या कशाला बसू? पण तुम्ही पडल्यावर दवाखान्यात मलाच बसावं लागतंय."

शरणबसप्पानं दांडीवर आडवी चार बोटं धरली, खडूची रेघ ओढली, सीट रेघेपर्यंत दाबली आणि नट आवळला.

मच्छिंद्र सायकलवर बसले. आधी डावा पाय टेकला, मग उजवा. दोन्ही चपला सपाट जमिनीला लागल्या. त्यांनी पायांकडं पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

"टेकले का?" मथुराबाईंनी विचारलं.

"टेकले."

"मग त्या चौकातनं एक फेरी मारून या. मी हाय इथंच."

ते निघाले. गुडघे दोन्हीकडं फाकत होते, हँडल थोडं लटपटत होतं, पण गेले. सिग्नल लाल होता. दोन मोटारसायकलींच्या मधल्या जागेत त्यांनी सायकल नेली, ब्रेक दाबला आणि दोन्ही पाय खाली सोडले. कुणाला धरावं लागलं नाही. सायकल तसूभरही कलली नाही.

"बघा मामी," शरणबसप्पा म्हणाला. "खुर्चीत बसल्यागत थांबले."

मथुराबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

दिवा हिरवा झाला. दोन्ही मोटारसायकली निघून गेल्या. मागच्या रिक्षानं हॉर्न दिला. मच्छिंद्रांनी उजवा पाय पायडलवर ठेवला, जोर करून पाहिला, सायकल जागची हलेना, तेव्हा तो पुन्हा खाली टेकवला.

"चला की आजोबा," रिक्षावाला ओरडला.

मच्छिंद्रांनी मागं न बघता, तुम्ही जा, असा हात केला. रिक्षा त्यांना वळसा घालून गेली. मागोमाग एक टेम्पो गेला. एक शाळेची गाडी गेली.

"का निघंनात ओ?" शरणबसप्पानं विचारलं. "हाक मारू का?"

"नको," मथुराबाई म्हणाल्या.

त्या दुकानाच्या पायरीवरून खाली उतरल्या, पण पुढं गेल्या नाहीत. मच्छिंद्र ताठ बसून होते, दोन्ही पाय जमिनीवर, दोन्ही हात हँडलवर. त्यांच्या दोन्ही अंगांनी गाड्या जात राहिल्या.

मग दिवा पुन्हा लाल झाला. नव्या गाड्या येऊन त्यांच्या आजूबाजूला थांबल्या. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, ते म्हातारे गृहस्थही आत्ताच येऊन थांबलेत.