हॅवलॉकचा फॉर्म

“कधी फिट, झटके किंवा शुद्ध हरपणं?” शौनकने मोठ्याने वाचलं आणि उत्तराची वाट न बघता माउस ‘नाही’कडे नेला.

“थांब,” नूपुर म्हणाली. “तिथे ‘हो’ कर.”

न्यू टाउनच्या त्या कॉफीच्या दुकानात दोघं सकाळी अकरापासून बसली होती. लग्नाला एकोणीस दिवस उरले होते. मग मधुचंद्र: पोर्ट ब्लेअर दोन रात्री, हॅवलॉक बेटावर चार, नील बेटावर दोन, परतताना बाराटांगच्या गुहा. खारफुटीतून कयाकची छोटी होडी. हॅवलॉकला स्कूबा डायव्हिंग; हा तब्येतीचा फॉर्म त्यासाठीच होता. शौनकने बोटींच्या वेळा, हॉटेलं, उलटीच्या गोळ्यासुद्धा लिहून ठेवल्या होत्या. ही सगळी सहल त्याच्या मोठ्या बहिणीने, अनुराधाताईने, पुण्याहून भेट दिली होती. नूपुरने दोनदा काचेच्या तळाच्या बोटीचा विषय काढून पाहिला. “ती म्हाताऱ्यांसाठी असते गं,” असं म्हणून त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली होती.

आता तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबला.

तिने सांगितलं. आठवीत असताना पहिली फिट आली. सकाळ-संध्याकाळ गोळ्या. गाडी चालवायची नाही, एकटीने पोहायचं नाही. आंघोळीला जाताना कडी लावायची नाही. आई अजूनही बाहेर खुर्ची टाकून बसते. याआधीच्या दोन स्थळांना सुरुवातीलाच सांगितलं होतं. दोन्हीकडून आठवड्याभरात पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. तिसऱ्यांदा आई म्हणाली, लग्न होऊ दे, मग सांग.

“चार महिने सांगायचं म्हणतेय,” नूपुर म्हणाली. “धीर होत नव्हता.”

शौनक खिडकीकडे बघत राहिला. बाहेर रस्त्याचं काम चाललं होतं आणि धुळीने काच पिवळट झाली होती.

“शेवटची कधी आली?”

“गेल्या दुर्गापूजेच्या आधी. ऑफिसात.”

“आणखी कोणाला माहीत आहे?”

“आई, बाबा, डॉक्टर. ऑफिसातल्या दोघींना.”

त्याने श्वास सोडला. टेबलावरचा तिचा हात हातात घेतला. “एवढंच ना? मला वाटलं, काय सांगतेस आणि काय नाही.”

नूपुरला रडू आलं. तो उठून जाईल, याची तिने इतक्या वेळा कल्पना केली होती, की तो बसून राहिल्यावर काय करायचं तेच तिला सुचेना. तिने ओढणीने डोळे पुसले. पुसून वर पाहिलं, तेव्हा त्याने फिटच्या त्या प्रश्नापुढे ‘नाही’ केलं होतं.

“शौनक, अरे, चुकून ‘नाही’वर टिक झाली.”

“माहितेय. पण बुकिंग ताईने केलंय, हे कागद तिच्याकडे जाणार. ‘हो’ केलं की ते डॉक्टरचं पत्र मागणार, ताई विचारणार. मग माझी आई. ओळखतेस ना आमच्या घरच्यांना? लग्न व्हायचं नाही, नूपुर.”

“मग डायव्हिंग काढून टाक. मला भीती वाटते म्हणून सांग.”

“ताईने सगळ्यांना सांगून ठेवलंय. पाण्याखालचे फोटो मागणार सगळे. ऐनवेळी नको म्हटलं, की ती खोदून खोदून विचारेल. ती सोडत नाही.” त्याने तिचा हात घट्ट धरला. “चाळीस मिनिटांचा प्रश्न आहे. गोळ्या चालूच आहेत ना? मी शेजारीच असेन.”

“आणि खाली काही झालंच तर?”

त्याने विचार केला. उगाच नाही, अगदी मनापासून केला. त्याचे डोळे भरून आले होते. ते तिला दिसत होतं.

“तर सांगू,” तो म्हणाला, “की आपल्याला कधी माहीतच नव्हतं.”

नूपुरने हात सोडवून घेतला. पर्स उचलली.

“मग पाठवू ना फॉर्म?” त्याने विचारलं.

“माझा नको,” ती म्हणाली आणि बाहेर पडली.

घरी दमदमला जाणारी बस तासभर कोंडीत अडकली. खिडकीशी बसून तिने त्याला मेसेज लिहिला, खोडला, परत लिहिला. शेवटी दोन ओळी उरल्या. त्या पाठवून तिने फोन बंद केला आणि उतरायचं ठिकाण येईपर्यंत समोरच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनकडे बघत राहिली.

घरी तिची आई, सुचित्राबाई, जमिनीवर बसून आहेराच्या साड्यांना नावांच्या चिठ्ठ्या लावत होत्या. बाबा बँकेत मित्रांना पत्रिका द्यायला गेले होते.

“आई, लग्न होणार नाही.”

सुचित्राबाईंच्या हातातली टाचणी तशीच राहिली. त्यांनी कारण विचारलं नाही. ते त्यांना ठाऊक होतं, गेली पंधरा वर्षं ठाऊक होतं.

“सांगितलंस ना तू त्याला?” त्या म्हणाल्या. “किती वेळा बजावलं होतं, नूपुर! एकोणीस दिवस कळ काढता आली नाही?” मग त्यांचा आवाज फुटला. त्यांनी लेकीला जवळ ओढलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. “जाऊ दे. त्याची तरी काय चूक? कोणीही नाहीच म्हणणार.”

“तो ‘नाही’ म्हणाला नाही, आई,” नूपुर त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली. “चालेल म्हणाला.”