मागे कोणी नसलं तरी

ऑक्टोबर लागला की दर रविवारी सकाळी आम्ही नवरा-बायको डोंबिवलीहून शीळफाट्याजवळच्या तळ्यावर डबा घेऊन जातो. कुलूप लावण्याआधी मृणाल घरात डोकावून म्हणते, "येतो हं." तिच्या माहेरची सवय. आम्हाला मूलबाळ नाही, मागे कोणीच नसतं, तरी म्हणते.

मागच्या रविवारी आतून उत्तर आलं, "लवकर या."

तळ्यावर आम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. घरी मात्र लवकर आलो.

आज मीच म्हटलं, "काही बोलू नकोस." तिने गुपचूप कुलूप लावलं.

"थांबा, मीपण येते," आतून आवाज आला. पाठोपाठ कपाट उघडल्याचा.

मृणालने माझ्या हातातल्या डब्याकडे बघितलं.

"थालीपिठं तिघांना पुरतील," ती म्हणाली आणि तिने कुलूप उघडलं.