तिसरं मांजर

सांबाल बोक्याला कपाटामागे ढकलून बी चू उठली. दोन्ही हातांवर ओरखडे उठले होते, पण तिकडे बघायला सवड कुणाला होती? तपासणीवाली बाई कुठल्याही क्षणी दारात येणार होती. फ्लॅटमध्ये दोनच मांजरं पाळायची, असा नियम. बी चूकडे होती तीन.

"हे त्या समोरच्या चँगचंच काम!" ती धुसफुसली. "बांबूवर वाळत घातलेल्या बनियनला दोन केस काय चिकटले, मेल्याने थेट तक्रार केली. दर नववर्षाला संत्री पाठवते मी त्याच्याकडे. विश्वास तरी कुणावर ठेवायचा?"

"जाऊ दे गं ताई." सिऊ लान म्हणाली. ती खालच्या मजल्यावरची, बी चूची तीस वर्षांपासूनची मैत्रीण. आल्या आल्या टॉवेलने झाकलेली टोपली तिने दाराशी ठेवली होती. "मी तर म्हणत होते, तेवढ्यापुरता माझ्याकडे ठेव त्याला."

"नको बाई. मागच्या वेळी तुझ्याकडून परत यायला तयार होता का तो?"

दोघी हसल्या. बी चूच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा सांबाल महिनाभर सिऊ लानकडे होता. तिच्या घरी एरवी एकही मांजर नव्हतं. जिन्यात सापडलेला भित्रा बोका. परक्याची चाहूल लागली की दिवसभर तोंड दाखवायचा नाही. त्याला बाहेर काढायची एकच युक्ती होती. बिस्किटांच्या डब्यावर चमचा दोनदा वाजवायचा, थांबायचं, मग एकदा. ही युक्ती बी चूने पोटच्या मुलालाही सांगितली नव्हती. सिऊ लानला मात्र शिकवली, नाहीतर तो तिच्याकडे उपाशीच राहिला असता.

बेल वाजली. बाई कसली, कोवळी पोरगीच होती. चपला बाहेर काढून आत आली.

"मावशी, मांजरं किती?"

"दोन. त्या बघ, सोफ्यावर लोळताहेत महाराण्या."

पोरीने पलंगाखाली पाहिलं, धुण्याच्या मशीनमध्ये डोकावली. कपाटामागेही वाकली, पण अंधारात तिला काही दिसलं नाही.

"आणि जास्तीचं सापडलं तर?" बी चूला राहवेना.

"ज्यांच्याकडे एकही नाही, अशा कुणाला तरी द्यायचं."

सिऊ लानने बी चूचा हात घट्ट धरला. बी चूला भरून आलं. सख्खी बहीणसुद्धा अशी धावून आली नसती.

पोरगी दाराकडे वळली तेव्हा कुठे बी चूचा जीव भांड्यात पडला. पण पोरगी थबकली. स्वयंपाकघरात गेली आणि फळीवरचा बिस्किटांचा डबा काढून तिने चमचा उचलला.

दोनदा वाजवला. थांबली. मग एकदा.

सांबाल शेपटी उभारून धावत बाहेर आला.

 बी चूने सिऊ लानचा हात चाचपडून शोधला, पण मैत्रीण शेजारी नव्हती. ती दाराशी वाकून टोपलीवरचा टॉवेल बाजूला करत होती. टोपली रिकामी होती.