तिसऱ्या समीकरणातले चौदा

डिटरमिनंट शून्य आलं. अपूर्वानं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा शून्यच. हातातला खडू तिथंच थांबला.

समोर इंटरची, म्हणजे अकरावी-बारावीची, मुलं होती. मागच्या बाकावर कॉलेजचे मालक आणि त्यांच्या शेजारी गोपाळराव सर. आदिलाबादच्या त्या खाजगी कॉलेजात गणिताची एकच जागा होती, आणि ती शिकवून दाखवून मिळवायची होती. तीन समीकरणं दिली होती; ती मॅट्रिक्सचा इन्व्हर्स काढून फळ्यावर सोडवून दाखवायची होती. नोकरी लागली तर वर्षभर लग्नाचं नाव काढणार नाही, असं बाबांनी कबूल केलं होतं. नाहीतर मुधोळचं स्थळ तयारच होतं.

तिच्या आधी आलेल्या भूषण नावाच्या उमेदवारानं हेच गणित फळ्यावर झरझर सोडवलं होतं. उत्तर एक, दोन, तीन. गाइडातल्या असल्या गणितांचं उत्तर बहुतेक वेळा एक, दोन, तीनच असतं, हे इथं शेंबडं पोरही जाणतं. मालकांनी खूश होऊन मान डोलावली होती.

अपूर्वा मुलांकडे वळली. "डिटरमिनंट शून्य येते, म्हंजे या मॅट्रिक्सला इन्व्हर्सच नाई. पहिल्या दोन समीकरणांची बेरीज करा. डावी बाजू तिसऱ्यासारखीच येते, उजवीकडे येतात अकरा. इथं चौदा लिवलेत. मंग उत्तर येईल कुठून?"

मुलांनी वह्यांतलं एक, दोन, तीन खोडलं. मालक उठून निघून गेले.

व्हरांड्यात गोपाळरावांनी तिला गाठलं. शाळेत तिला गणित त्यांनीच शिकवलं होतं; आता ते या कॉलेजात होते.

"तुहं बरोबर हाय," ते हळूच म्हणाले. "ते चौदा मीच टाकले. मुद्दाम."

अपूर्वाचा जीव भांड्यात पडला. म्हणजे ही परीक्षाच होती, आणि ती पास झाली होती. एवढा आनंद तिला एमएस्सीच्या निकालालाही झाला नव्हता.

"मंग कवापासून येऊ, सर?"

सर तिच्याकडे पाहत नव्हते. "जागा भूषणले देल्ली," ते म्हणाले. "आधीच्या मास्तरनं कॉलेजच्या पेपरातल्या चुका भर वर्गात दाखवल्या. पोरांचे मायबाप भांडाले आले. तवापासून मालकाचं एकच म्हणणं हाय, असा माणूस पुन्ना आत येऊ द्यायचा नाई."

"पण मंग हे गणित काऊन देल्लं, सर?"

"तसा कोण हाय, हे वळखाले काही तरी पाहिजे होतं, पोरी. ते मी बनवून देल्लं."