अमेरिकेतली मध्यरात्र

केरुबो दवाखान्यातली रात्रपाळी संपवून घरी आली तेव्हा मोमान्यी कॉम्प्युटरसमोर मंदाझी, म्हणजे तळलेला गोडसर पाव, चघळत बसला होता. सकाळचे सात वाजले होते. शेगडीवर चहा उकळत होता.

"झाली का माझी चाचणी, दादा?" तिने दारातूनच विचारलं.

"आता बसतोच आहे. वेळ आहे अजून."

"वेळ कुठली? रात्री बारापर्यंतच होती."

"मग, तेच म्हणतोय. बारा वाजायला अजून तासभर..."

बोलता बोलता तो थांबला. अमेरिकेतल्या पोरापोरींचे कॉलेजचे ऑनलाइन गणिताचे कोर्स पैसे घेऊन पूर्ण करून देणं, हाच त्याचा धंदा. तिथे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा इथे केनियात, नाकुरूत, चांगलं उजाडलेलं असतं, म्हणून या गृहस्थाची मध्यरात्र रोज न्याहारीला व्हायची. केरुबोचं कॉलेज मात्र नैरोबीचं, घड्याळ घरातलंच. पडद्यावर लिहिलं होतं: मुदत संपली.

ही चाचणी हुकली की गणितात नापास. गणित नाही तर नर्सिंगची पदवी नाही, आणि पदवी नाही तर जन्मभर त्याच दवाखान्यात रुग्णांची भांडी उचलायची. दोघांनाही हे ठाऊक होतं.

"त्या ब्रिटनीची झाली?" केरुबोने विचारलं. ब्रिटनी त्याचं तिकडचं गिऱ्हाईक.

मोमान्यीने मान खाली घातली. "पहाटेच दिली."

"म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या बयेची वेळ तुला तोंडपाठ. घरातल्या बहिणीची नाही."

"आधी स्वतःचा अभ्यास स्वतः केला असतास तर? पहिल्या दिवसापासून माझ्या गळ्यात मारलास, आणि वर मलाच बोलतेस."

"तूच म्हणालास ना, तुझ्याच्यानं व्हायचं नाही, आण इकडे?"

ते खरं होतं. आईसमोर म्हणाला होता, आणि हसलाही होता.

केरुबोने त्याच्यादेखतच गणिताच्या मॅडमना फोन लावला. दवाखान्यात अपघाताची केस आली होती, म्हणून चाचणी राहिली, असं सांगितलं. थाप पचली.

"अगं, तुझ्यासारख्या मुलीचं वर्ष मी वाया जाऊ देईन का?" मॅडमचा आवाज खोलीभर ऐकू आला. "सगळे गृहपाठ बिनचूक आहेत तुझे. नऊ वाजता कॅमेरा लाव आणि माझ्यासमोर सोडव. तुझ्या तर हातचा मळ आहे तो."

केरुबोने फोन ठेवला. चहा उतू गेला, कोणी उठलं नाही.

"बस इथे," शेवटी मोमान्यी खुर्ची सरकवत म्हणाला. "नऊपर्यंत जमेल तेवढं शिकवतो."

"माझ्या गणिताला हात लावू नकोस."

ती बसली. कोर्स उघडायचा पासवर्डही तिला त्यालाच विचारावा लागला. त्याने तो भिंतीकडे बघत सांगितला. सुरुवात कुठून करायची ते कळेना, म्हणून तिने अगदी पहिलं पान काढलं. वर ठळक अक्षरांत होतं: 'ऑनलाइन गणितात यशस्वी कसे व्हाल?' रोज थोडं करा. स्वतःच्या हाताने कागदावर सोडवा. अडलं तर त्याच दिवशी विचारा. मुदतीच्या शेवटच्या तासावर विसंबू नका.

तिने सावकाश सगळं वाचलं. तळाशी एक चौकोन होता: 'मी हे वाचले आहे आणि मला समजले आहे.' चौकोनात बरोबरची खूण आधीच केलेली होती. पुढे नाव होतं, केरुबो ओम्बाती.

"हेही माझ्याऐवजी तूच वाचलंस?"

"वाचलं कुठे," मोमान्यी म्हणाला. "नुसती खूण केली. ते कुणीच वाचत नाही."