बुरुजाचा कल

"चावी उलटी फिरते," अट्रॅक्टा हेफर्नन म्हणाली. "आणि जिन्यात डोकं सांभाळ. बांधणारे बुटके होते."

डर्व्हलाने वीतभर लांबीची ती लोखंडी चावी हातात तोलून पाहिली. किल्ला पाहायचा तर आधी हेफर्ननांचं दार वाजवायचं, वहीत नाव लिहायचं आणि चावी न्यायची, हे अट्रॅक्टाच्या सासऱ्यापासून चालत आलेलं. किल्ला म्हणजे आता एक उभा बुरुज आणि गवतातल्या दगडांच्या राशी. पण बुरुज चांगला पाच मजली होता, आणि अट्रॅक्टाच्या स्वयंपाकघरापासून चाळीस पावलांवर.

डर्व्हला मात्र किल्ला पाहायला आलेली नव्हती. बुरुज कलतोय का, हे मोजायला तिला सरकारी कार्यालयाने पाठवलं होतं. पत्र लिहिलं होतं अट्रॅक्टाच्या मुलाने, केलनने, लिमरिक शहरातून. आईने ते घर सोडून आपल्याकडे राहायला यावं, असं केलन सहा वर्षं म्हणत होता. बुरुज पूर्वेला कलतोय, माझ्या बाजूला नाही, असं अट्रॅक्टाने सांगितलं की तो विचारी, "पडताना तो तुला बाजू विचारणार आहे का?"

शेवटी दोघांचं ठरलं. बुरुज हलत असेल तर नोव्हेंबरच्या आत तिने घराला कुलूप लावायचं. हलत नसेल तर त्याने पुन्हा तो विषय काढायचा नाही.

संशयाची सुरुवात तिच्या नवऱ्याने, पॅडीने केली होती. अडतीस वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या हाताने हे घर बांधलं. स्वयंपाकघराची खिडकी अशी बसवली, की चहाचा कप घेऊन खुर्चीत बसलं की बुरुजाची डावी कड खिडकीच्या डाव्या चौकटीला वरपासून खालपर्यंत चिकटलेली दिसावी. दहाएक वर्षांनी चौकट आणि कड यांच्यामध्ये वरच्या बाजूला आकाशाची एक बारीक चीर दिसू लागली. चीर कुठवर रुंदावली, त्याची पॅडी दर ईस्टरच्या सोमवारी काचेवर चाकूने खूण करी. तो गेल्यावर अट्रॅक्टा करू लागली. आता खाली कड चौकटीला टेकवून पाहिलं, तर वर बोटभर आकाश दिसे. किल्ला पाहायला आलेली माणसं जाताना मुद्दाम आत येऊन ती फट बघून जात.

डर्व्हलाने फट पाहिली, दोनदा पाहिली. मग तिने मोजणीचं यंत्र आणि त्याची तिपाई उचलली. अट्रॅक्टाने मागचं दार नेहमीसारखं खांद्याने ढकलून उघडून दिलं, आणि चूल तशीच सोडून तिच्या मागे निघाली.

तिपाई खडकावर उभी राहिली. डर्व्हला वर बसवलेल्या यंत्राचे स्क्रू एकेक केसभर फिरवत बसली. हे काय चाललंय, असं अट्रॅक्टाने विचारलं.

"आधी यंत्र स्वतः सरळ आहे का ते बघायचं," डर्व्हला म्हणाली. "मग दुसऱ्याबद्दल बोलायचं."

"लिमरिकमधल्या लोकांना असं एकेक यंत्र बसवून दे."

डर्व्हला हसली आणि तिला भिंगातून पाहू दिलं. पहिल्यांदा अट्रॅक्टाला नुसतं आकाश दिसलं. मग एक काळा कावळा, चोचीत काटकी घेतलेला, हाताच्या अंतरावर. मग दगड, त्यांच्यातला चुना, चुन्यातलं शेवाळ. अडतीस वर्षं ती हे दगड पाहत आली होती. त्यातला एक लालसर आहे, हे तिला आज कळलं.

दुपारपर्यंत डर्व्हलाने चारही बाजूंनी मोजलं. आत जाऊन जिन्याच्या भेगा पाहिल्या. अट्रॅक्टा थर्मासमधून चहा ओतत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते बघत राहिली. काही कळत नव्हतं. पोरीचा चेहरा पत्ते खेळणाऱ्यासारखा होता.

स्वयंपाकघरात परतल्यावर डर्व्हलाने टेबलावर कार्यालयातला बुरुजाचा ऐंशी वर्षांपूर्वीचा नकाशा पसरला. शेजारी आपले आकडे ठेवले. पेन्सिलीचं टोक एकेका ओळीवरून खाली आलं. अट्रॅक्टाने ओट्याची कड धरून ठेवली होती.

"पायथ्याचा जाड भाग सोडला तर चारही कडा सरळ आहेत," डर्व्हला म्हणाली. "ऐंशी वर्षांपूर्वी होत्या तशाच. बुरुज हललेला नाही."

"अजिबात?"

"अजिबात. खाली सगळा खडक आहे."

अट्रॅक्टा खाली बसली. मग उठली आणि फोन लावला. तिने केलनला पहिल्यापासून सगळं ऐकवलं: यंत्र, स्क्रू, नकाशा, खडक. लिमरिकच्या तुझ्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात तूच राहा, म्हणाली. ती इमारत बांधणाऱ्यांचा नकाशाही कुणी तपासून घ्यायला हवा. पलीकडून केलनने बहुधा फटीचं विचारलं असावं, कारण ती म्हणाली, तुझे वडील गवंडी उत्तम होते, पण चष्मा लावायची त्यांना लाज वाटायची, आणि मी त्यांच्याच खुणांच्या मागे गेले.

डर्व्हला काचेवरच्या खुणा बोटाने चाचपत होती. सगळ्या एकाच दिशेने गेल्या होत्या. चष्म्याविना माणूस कधी इकडे चुकेल, कधी तिकडे. तिने पिशवीतून दोरी काढली, तिच्या टोकाला दोरी सरळ उभी धरणारं पितळी वजन, ओळंबा, अडकवला, आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तो खाली सोडला. ओळंबा झुलत राहिला. तो थांबेपर्यंत ती वाट पाहत उभी राहिली.

"या घराचा पाया कशावर आहे?" तिने विचारलं.

"भरावावर," अट्रॅक्टा फोनवर हात ठेवून म्हणाली. "इथे दलदल होती. पॅडीने दोनशे गाड्या मुरूम टाकला."

मग ती पुन्हा फोनमध्ये म्हणाली, की आता ठेवते, पोरीला जेवायला वाढायचंय.

"फोन ठेवू नका," डर्व्हला म्हणाली. "इथून बघा."

अट्रॅक्टा फोन कानाशी धरूनच तिच्या जागी येऊन उभी राहिली. दोरी वरपासून खालपर्यंत बुरुजाच्या कडेवर तंतोतंत बसली होती. कलली होती ती खिडकी, आणि खिडकीबरोबर सगळी भिंत.